खळे पडलेली अणुकेंद्रके

किरणोत्सार शिकवताना आपण फळ्यावर तीन ओळी लिहितो : आल्फा, बीटा, गॅमा. विद्यार्थी त्या पाठ करतात आणि परीक्षेत उतरवतात. या ओळींत चूक काही नाही, पण निसर्गाची वही तेवढ्यावर संपत नाही. १९८० मध्ये सँडुलेस्कू, पोएनारू आणि ग्राइनर या सैद्धांतिक शास्त्रज्ञांनी गणित मांडून सांगितले, की जड अणुकेंद्रकातून हेलियमपेक्षा मोठा तुकडाही अखंड बाहेर पडू शकेल. १९८४ मध्ये ऑक्सफर्डच्या रोझ आणि जोन्स यांना रेडियम-२२३ मधून कार्बन-१४ चे केंद्रक बाहेर पडताना सापडले. प्रमाण किती? सुमारे शंभर कोटी आल्फा कणांमागे एक!

अशा दुर्मिळ ऱ्हासांचा उपयोग काय, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्याचे उत्तर एका वेगळ्याच ऱ्हासाच्या इतिहासातून देण्याचा हा प्रयत्न आहे. ही हकीकत कॅलिफोर्नियात सुरू होते, जिनिव्हा, व्हिएन्ना, कॅनडा, फ्रान्स असा प्रवास करते, आणि तिचा एक धागा आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथपर्यंत येऊन पोचतो.

केंद्रकाला खळे पडते

अणुकेंद्रक म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचा घट्ट गोळा, अशी आपली कल्पना असते. बहुतेक केंद्रकांना ती लागू पडते. कणांची संख्या आठपट झाली की त्रिज्या दुप्पट होते, म्हणजे त्रिज्या कणसंख्येच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. राजगिऱ्याचा लाडू वळताना असेच होते. दाणे वाढले तरी लाडवाची घनता तीच राहते.

१९८५ मध्ये इसाओ तानिहाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्कलीच्या बेव्हॅलॅक या त्वरकयंत्रावर लिथियमच्या निरनिराळ्या समस्थानिकांची मापे घेतली. केंद्रकांचा झोत एका लक्ष्यावर सोडायचा आणि किती केंद्रके वाटेत धडकतात ते मोजायचे, अशी ती पद्धत. जितकी केंद्रके जास्त धडकतील, तितका त्यांचा आकार मोठा. लिथियम-९ ची सरासरी त्रिज्या सुमारे २.४ फर्मी निघाली. (एक फर्मी म्हणजे मीटरचा एक हजार लाख कोटीवा भाग, १०⁻¹⁵ मीटर.) घनमुळाच्या नियमाप्रमाणे लिथियम-११ ची त्रिज्या त्याहून ७ टक्क्यांनी जास्त भरायला हवी होती. प्रत्यक्षात ती ३ फर्मीच्या पुढे गेली. दोनच न्यूट्रॉन वाढले आणि लाडू एकदम फुगला!

१९८७ मध्ये हॅन्सन आणि यॉन्सन या दोन स्कँडिनेव्हियन शास्त्रज्ञांनी याचा अर्थ लावला. लिथियम-११ मध्ये लिथियम-९ चा नेहमीसारखा घट्ट गाभा असतो, आणि उरलेले दोन न्यूट्रॉन त्याच्याभोवती दूरवर विरळ पसरलेले असतात. पावसाळ्याच्या तोंडी चंद्राला खळे पडते, तसे हे केंद्रकाला पडलेले खळे. इंग्रजीत याला हेलो म्हणतात. आपल्याकडे खळे हा नेमका शब्द आधीपासूनच आहे.

खळे का पडते? कारण हे न्यूट्रॉन फार सैल बांधलेले असतात. सामान्य केंद्रकातून एक न्यूट्रॉन उपटायला सुमारे ८,००० किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट (यापुढे कि.इ.व्हो.) ऊर्जा लागते. लिथियम-११ मधून दोन्ही न्यूट्रॉन मिळून काढायला जेमतेम ३६९ कि.इ.व्हो. पुरतात. पुंजयांत्रिकीनुसार कण म्हणजे ठिपका नव्हे. त्याची तरंगरूप शेपूट केंद्रकाच्या बलक्षेत्राबाहेरही डोकावते, आणि तिची लांबी बंधनऊर्जेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. बंधन सोळापट सैल झाले की शेपूट चौपट लांबते. ८,००० कि.इ.व्हो. बंधनाच्या न्यूट्रॉनची शेपूट दर १.७ फर्मीला सुमारे एकतृतीयांश होत विरते. ५०० कि.इ.व्हो. बंधनाच्या न्यूट्रॉनला तेवढेच विरण्यासाठी ६.७ फर्मी जावे लागते.

लिथियम-११ ची आणखी एक गंमत आहे. त्यातला एक न्यूट्रॉन काढला तर दुसराही टिकत नाही, कारण लिथियम-१० बांधलेले राहूच शकत नाही. तीन दगडांच्या चुलीतला एक दगड काढला की भांडे कलंडते, तसाच हा प्रकार. अशा त्रिकुटांचे गणित फार कठीण असते. ते सोडवण्यात भारतीयांचाही वाटा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील इंद्रनील मजुमदार आणि दिल्ली विद्यापीठातील व्ही. एस. भसीन यांनी १९९७ पासून पुढे दोन न्यूट्रॉनांचे खळे असलेल्या केंद्रकांत एफिमोव्ह अवस्था सापडतील का, याची गणिते केली. रशियन शास्त्रज्ञ एफिमोव्ह यांनी १९७० मध्ये वर्तवलेल्या या अवस्था तीन कणांच्या विलक्षण सैल जोडणीच्या असतात. पवईच्या आय.आय.टी.मध्ये वाय. के. गंभीर यांनी जर्मन सहकाऱ्यांसह १९९० मध्ये केंद्रकांच्या सापेक्षतावादी प्रतिमानाची जी पद्धत मांडली, तिचाही न्यूट्रॉनांनी लदलेल्या केंद्रकांच्या अभ्यासात उपयोग झाला.

न्यूट्रॉनचा जमाखर्च

आता आपल्या कथेचा नायक : बेरिलियम-११. यात बेरिलियम-१० चा गाभा आणि एकाच न्यूट्रॉनचे खळे असते. त्या न्यूट्रॉनचे बंधन ५०२ कि.इ.व्हो. हे केंद्रक मुळातच विक्षिप्त आहे. त्याच्या न्यूट्रॉनाने नेहमीची पायरी सोडून भलतीच पायरी धरलेली आहे, हे ताल्मी आणि उन्ना यांनी १९६० मध्येच ओळखले होते. खळ्याची कल्पना मात्र आणखी २५ वर्षांनी आली.

बेरिलियम-११ चे अर्धायुष्य सुमारे १३.८ सेकंद. बीटा ऱ्हासाने त्याचे बोरॉन-११ होते आणि ११,५०० कि.इ.व्हो. ऊर्जा मोकळी होते. हा झाला राजमार्ग. पण एक आडवाटही असू शकते. समजा, खळ्यातल्या न्यूट्रॉनाने गाभ्याशी काही संबंध न ठेवता, मोकळ्या न्यूट्रॉनासारखा परस्पर ऱ्हास केला तर? मग प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतील आणि मागे बेरिलियम-१० उरेल.

हे परवडेल का, याचा जमाखर्च रुपयांत मांडू. मोकळा न्यूट्रॉन आपल्या ऱ्हासातून ७८२ रुपये मिळवतो (न्यूट्रॉन आणि त्यापासून होणारे प्रोटॉन-इलेक्ट्रॉन यांच्या वस्तुमानातला फरक ७८२ कि.इ.व्हो. आहे). केंद्रकाबाहेर पडायला त्याला बंधनाइतके भाडे मोजावे लागते. सामान्य न्यूट्रॉनचे भाडे ८,००० रुपये. त्याला हा व्यवहार कधीच जमणार नाही. बेरिलियम-११ च्या न्यूट्रॉनचे भाडे मात्र ५०२ रुपये. म्हणजे शिल्लक २८० रुपये! भाडे ७८२ च्या आत असणारी केंद्रके अगदी मोजकी आहेत आणि त्यांत बेरिलियम-११ अग्रभागी आहे.

व्यवहार परवडतो, पण तो क्वचितच का व्हावा? बीटा ऱ्हासाचा वेग उपलब्ध ऊर्जेवर फार तीव्रतेने अवलंबून असतो. वेगवान इलेक्ट्रॉनांसाठी तो स्थूलमानाने ऊर्जेच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात बदलतो. राजमार्गाची ऊर्जा आडवाटेच्या ४१ पट आहे. ४१ चा पाचवा घात काढून पाहा : साडेअकरा कोटी. शिवाय बाहेर पडणारा प्रोटॉन धनभारित असल्याने त्याला विद्युत प्रतिकर्षणाच्या बांधातून पार व्हावे लागते. १९२८ मध्ये गॅमोव्हने आल्फा कणांसाठी सांगितलेला हाच तो बांध. हा आमचा ढोबळ हिशोब झाला. बाय आणि तुर्सुनोव्ह यांनी २०११ मध्ये तो काटेकोरपणे केला आणि उत्तर दिले : दहा कोटी ऱ्हासांमागे असे तीन.

अशा गणितात किती काळजी घ्यावी लागते, हे हेलियम-६ ने आधीच शिकवले होते. त्या केंद्रकालाही दोन न्यूट्रॉनांचे खळे आहे आणि त्याच्या बीटा ऱ्हासात क्वचित ड्यूटेरॉन बाहेर पडतो. १९९० मध्ये जिनिव्हाच्या सर्न येथील इसोल्डे प्रयोगशाळेत तो दिसला, पण साध्या अंदाजापेक्षा पुष्कळच कमी. कारण सैद्धांतिकांनी शोधले. तरंगाच्या आतल्या भागाचे योगदान आणि बाहेरच्या खळ्याचे योगदान यांची चिन्हे विरुद्ध असतात आणि ती एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात. दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी करताना एका संख्येत अल्पशी चूक झाली तरी उत्तर पार बिघडते, तशी ही अवस्था. म्हणूनच दुर्मिळ ऱ्हास ही प्रतिमानाची कठोर परीक्षा असते. लिथियम-११ मध्येही असा ऱ्हास होतो आणि तिथे तो दहा हजारांमागे एखादा, म्हणजे त्यामानाने बराच जास्त दिसतो.

प्रयोग गणिताला आव्हान देतो

दहा कोटींत तीन प्रोटॉन, तेही मंद, आणि सभोवती बीटा कणांचा पाऊस. ते पकडायचे कसे? युरोपातील गटाने नामी युक्ती केली. प्रोटॉन शोधायचाच नाही. मागे उरणारे बेरिलियम-१० मोजायचे! त्याचे अर्धायुष्य सुमारे १४ लाख वर्षे असल्याने ते आपल्याला निवांत मोजता येते. इसोल्डेमध्ये बेरिलियम-११ चे कण एका पदार्थात रुतवले, ते नमुने व्हिएन्नाला नेले आणि तिथल्या त्वरक वस्तुमानमापकावर बेरिलियम-१० चे अणू अक्षरशः एकेक करून मोजले. २०१४ मध्ये रीसेगर आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला : दहा लाखांमागे सुमारे आठ. गणितापेक्षा जवळजवळ तीनशेपट!

इथे दोनच शक्यता होत्या. एकतर बोरॉन-११ मध्ये अगदी सोयीच्या ठिकाणी एखादी अनुनादी ऊर्जापातळी लपलेली असावी, जिच्यामुळे आडवाटेवरची वाहतूक वाढते. झोपाळ्याला योग्य लयीत दिलेला हलका धक्काही झोका उंच नेतो, तसे. नाहीतर मोजणीतच काही भेसळ असावी. २०१८ मध्ये तिसरी, अगदी अनपेक्षित शक्यता पुढे आली.

न्यूट्रॉन गुपचूप नाहीसा होतो काय?

मोकळ्या न्यूट्रॉनचे सरासरी आयुष्य दोन पद्धतींनी मोजतात. पहिल्या पद्धतीत थंड न्यूट्रॉन एका सापळ्यात कोंडून, ठरावीक वेळाने किती उरले ते पाहतात. उत्तर येते ८८० सेकंदांच्या जरा आत. दुसरीत न्यूट्रॉनच्या झोतातून किती प्रोटॉन तयार झाले ते मोजतात. उत्तर येते सुमारे ८८८ सेकंद. फरक जवळजवळ एक टक्का, आणि तो सांगितलेल्या त्रुटीच्या मर्यादेत बसत नाही.

फोर्नाल आणि ग्रिनस्टाइन यांनी २०१८ मध्ये विचारले : शंभरातला एक न्यूट्रॉन प्रोटॉन न होता एखाद्या अदृश्य, कृष्णद्रव्याच्या कणात रूपांतरित होत असेल तर? पहिल्या पद्धतीत तो गेलेल्यांत धरला जाईल, पण दुसऱ्या पद्धतीत त्याचा प्रोटॉन कधीच दिसणार नाही. मग दुसऱ्या पद्धतीचे आयुष्य जास्त भासणारच.

पण असे असेल तर आपल्या शरीरातले न्यूट्रॉन का नाहीसे होत नाहीत? पुन्हा तोच जमाखर्च. बेरिलियम-९ मधून न्यूट्रॉन काढायचे भाडे १,६६५ कि.इ.व्हो. आहे आणि ते केंद्रक स्थिर आहे. म्हणजे या गुपचूप ऱ्हासाची कमाई १,६६५ पेक्षा जास्त असूच शकत नाही. ज्या केंद्रकांचे भाडे त्याहून जास्त, ती सर्व सुरक्षित. खळ्याच्या केंद्रकांचे भाडे मात्र कमी! फ्युट्झनर आणि रीसेगर यांनी २०१८ मध्येच दाखवून दिले, की बेरिलियम-११ हा न्यूट्रॉन जर अदृश्य कणात नाहीसा झाला, तरी मागे बेरिलियम-१० च उरेल. व्हिएन्नाच्या मोजणीत प्रोटॉनची वाट आणि गुपचूप वाट वेगळ्या ओळखता येत नाहीत. मग ते जास्तीचे बेरिलियम-१० कृष्णद्रव्याचा माग तर नव्हे?

आता प्रोटॉन प्रत्यक्ष पाहणे भाग होते. २०१९ मध्ये कॅनडातील ट्रायम्फ येथे अय्याद आणि सहकाऱ्यांनी वायू भरलेल्या शोधक कक्षात प्रोटॉनचे मार्ग टिपले. त्यांचे प्रमाण दहा लाखांमागे सुमारे १३ निघाले. म्हणजे सगळ्या बेरिलियम-१० चा हिशोब एकट्या प्रोटॉनच्या वाटेनेच लागला. गुपचूप वाटेची गरज उरली नाही. या प्रोटॉनांची ऊर्जा अरुंद पट्ट्यात, १८० कि.इ.व्हो.च्या आसपास होती. त्यावरून बोरॉन-११ मध्ये सुमारे ११,४२५ कि.इ.व्हो.ला अनुनादी पातळी असावी असे दिसले. प्रोटॉनची वाट ११,२२८ ला उघडते आणि बेरिलियम-११ ची मिळकत ११,५०९ ला संपते. या चिंचोळ्या फटीतच ती पातळी बसली होती! २०२० मध्ये ओकोलोविच, प्लोशायचाक आणि नाझारेविच यांनी अशी पातळी उंबरठ्याजवळच का सापडावी याचे सैद्धांतिक विवेचन केले आणि २०२२ मध्ये दोन स्वतंत्र प्रयोगांत ती पातळी असल्याचा पुरावा मिळाला.

इथे गोष्ट सुखान्त झाली असती. पण २०२० मध्ये रीसेगर यांच्याच गटाने नव्या, अधिक शुद्ध नमुन्यांवर आपली मोजणी पुन्हा केली आणि जाहीर केले, की बेरिलियम-१० दहा लाखांमागे २.२ पेक्षा जास्त नाही. आधीच्या नमुन्यात भेसळ होती. कोणती? बेरिलियम-१० ला हायड्रोजनचा एक अणू चिकटला की त्या रेणूचे वस्तुमान १० + १ = ११ होते. वस्तुमानावरून कण निवडणारे यंत्र त्याला बेरिलियम-११ समजून आत सोडते! आपलाच गाजलेला निष्कर्ष स्वतः तपासून मागे घेण्याचे हे उदाहरण विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे असे आहे.

मात्र आता नवाच पेच उभा राहिला. एकूण बेरिलियम-१० दहा लाखांत २.२ पेक्षा कमी, आणि नुसते प्रोटॉनच १३? भाग पूर्णापेक्षा मोठा कसा? या दोन मापनांचा मेळ बसलेला नाही. गुपचूप ऱ्हासापुरते मात्र दोन्हींचे तात्पर्य एकच : त्याला जागा फार थोडी उरते. आपणही ढोबळ गणित करू. मोकळ्या न्यूट्रॉनचे एक टक्का ऱ्हास गुपचूप होत असतील, तर ८८० सेकंदांच्या मानाने बेरिलियम-११ च्या सुमारे २० सेकंदांच्या सरासरी आयुष्यात ते दहा हजारांत दोन भरतील. मर्यादा आहे दहा लाखांत दोन. शंभरपटींचा फरक!

२०२४ मध्ये फ्रान्समधील गॅनिल प्रयोगशाळेतून याहून कडक निकाल आला. (मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेले नवीन अलाहारी पुढे याच प्रयोगशाळेचे संचालक झाले होते.) हेलियम-६ च्या नेहमीच्या ऱ्हासात मोकळा न्यूट्रॉन कधीच बाहेर पडत नाही. पण त्याच्या खळ्यातला एक न्यूट्रॉन गुपचूप नाहीसा झाला, तर दुसरा एकटा टिकणार नाही, तो बाहेर पडेल. पुन्हा चुलीचा तिसरा दगड! म्हणून त्यांनी न्यूट्रॉनांसाठी पहारा बसवला. असा ऱ्हास असलाच, तर तो हजार कोटींमागे चारपेक्षा जास्त नाही, असे निष्पन्न झाले. अदृश्य कणाचे वस्तुमान ज्या पल्ल्यात असल्यास हा ऱ्हास शक्य आहे, त्या पल्ल्यात एक टक्क्याची कल्पना टिकत नाही.

औंढा नागनाथचा धागा

न्यूट्रॉन गुपचूप नाहीसे होतात की नाही, याची आणखी एक साक्ष आकाशात आहे. न्यूट्रॉन तारा म्हणजे जेमतेम पंचवीस किलोमीटर व्यासाचा, बहुतांशी न्यूट्रॉनांचा गोळा. त्यातले न्यूट्रॉन अदृश्य कणांत बदलू लागले, तर ताऱ्याला आतून तोलून धरणारा दाब कमी होईल आणि जड तारे कोसळतील. प्रत्यक्षात सूर्याच्या दुप्पट वस्तुमानाचे न्यूट्रॉन तारे २०१० आणि २०१३ मध्ये मोजले गेले आहेत. ते अदृश्य कण परस्परांना जोराने ढकलत असतील तरच हे जमेल, अन्यथा नाही, असे २०१८ मध्ये अनेक गटांनी दाखवले. असे तारे रेडिओ स्पंदकांच्या रूपात जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय दुर्बिणीनेही अभ्यासले जातात.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून आलेल्या गुरुत्वीय लहरी अमेरिकेतील लायगो आणि इटलीतील व्हर्गो या वेधशाळांनी टिपल्या. एकमेकांभोवती फिरताना ते तारे किती ताणले जातात, यावरून त्यांच्या अंतरंगाचा अंदाज बांधता येतो. अशीच चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात होत आहे. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये तत्त्वतः आणि २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि अणुऊर्जा विभाग यांचा त्यात सहभाग आहे. ती सुरू झाली, की न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरी आकाशात नेमक्या कुठे झाल्या हे सांगणे पुष्कळ सोपे होईल. काही फर्मींच्या खळ्यातला एक न्यूट्रॉन आणि कोट्यवधी प्रकाशवर्षे दूरचा न्यूट्रॉन तारा, दोघांनाही प्रश्न एकच विचारला जात आहे.

शिक्षक मित्रांनो, हा विषय अभ्यासक्रमात नाही. पण त्यातले गणित नववी-दहावीच्या मुलांना जमेल असे आहे. फळ्यावर ७८२ आणि १,६६५ या दोन संख्या लिहाव्यात. मग काही केंद्रकांची ‘भाडी’ द्यावीत : बेरिलियम-११ चे ५०२, बेरिलियम-९ चे १,६६५, कार्बन-१३ चे ४,९४६. कोणता न्यूट्रॉन कोणत्या वाटेने सुटू शकेल, हे मुलांनीच ठरवावे. आणि शेवटी २०१९ व २०२० ची न जुळणारी मापने त्यांच्यापुढे ठेवावीत. यांपैकी कोणते बरोबर, असे मुले विचारतील. तेव्हा उत्तराची घाई न करता, ते ठरवायला कोणता प्रयोग करावा लागेल, हे त्यांनाच विचारावे.